फ्युएल पंप बदलला, तरी गाडी पुन्हा बंद पडते? जुन्या एमपीएफआय गाडीत दोष कुठे शोधायचा

सेल्फ दणक्यात फिरतो, बॅटरी चांगली आहे, पण गाडी उठत नाही. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला स्टार्ट होते. मिस्त्री सांगतो फ्युएल पंप गेला. पंप बदलून होतो, दोन-तीन महिने बरे जातात आणि एका संध्याकाळी ठाण्यात कापूरबावडीच्या गर्दीत गाडी पुन्हा तशीच मान टाकते. ठाण्याच्या एमएच-०४ आणि नवी मुंबईच्या एमएच-४३ पाट्यांच्या कितीतरी जुन्या पेट्रोल गाड्यांची हीच तक्रार आहे. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून, हरित कर भरून लोक या गाड्या हौसेने सांभाळतात. अशा माणसाला एकाच दुखण्यासाठी पुन्हा पुन्हा हजारो रुपये मोजावे लागले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा दोष शोधणं फारसं अवघड नाही. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा दोन मापं घ्यायची असतात: पंपाला मिळणारे व्होल्ट आणि रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पोहोचवणाऱ्या नळीतलं, प्रेशर. आणि पंप खरोखर जळालेला निघाला, तर तो कशामुळे जळाला हे कळेपर्यंत नवा बसवायचा नाही. दोष पुन्हा उद्भवतो तो हे दुसरं काम राहून गेल्यामुळे.

खाली लिहिलंय ते साधारण २००० ते २०१० च्या काळातल्या, इनटेकमध्ये (हवा इंजिनात जाते त्या वाटेत) पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर असलेल्या, म्हणजेच एमपीएफआय, पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. कार्बोरेटरच्या गाड्यांचं आणि डिझेलचं गणित वेगळं.

आधी रचना डोळ्यांसमोर आणा. टाकीत बुडालेला विजेचा पंप, त्याच्या तोंडाशी बारीक जाळी. पुढे फ्युएल फिल्टर, तो कुठे गाडीखाली असतो, कुठे इंजिनजवळ, तर कुठे पंपाच्या असेंब्लीतच. मग पाइप, इंजिनवरची रेल आणि रेलला लावलेले इंजेक्टर. प्रेशर किती ठेवायचं ते रेग्युलेटर ठरवतो. जुन्या रचनेत तो रेलच्या टोकाला असतो, त्याला इनटेकमधून व्हॅक्युमची बारीक नळी येते आणि उरलेलं पेट्रोल तो रिटर्न पाइपने टाकीत परत पाठवतो. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रिटर्न पाइप नाही, रेग्युलेटर टाकीतच असतो. तुमची गाडी यातली कोणती हे बोनेट उघडून बघून घ्या, पुढच्या अर्ध्या तपासण्या त्यावर ठरतात.

चावी ऑन केली की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) साधारण दोन सेकंद पंप चालवून रेलमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. सेल्फ मारल्यावर क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याचा सिग्नल आला तरच पंप पुढे चालू राहतो. ही व्यवस्था अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून आहे. पण त्यामुळे क्रँक सेन्सर गरम होऊन बंद पडला तरी बाहेरून सगळं पंप गेल्यासारखंच दिसतं. घोडबंदर रोडवर उन्हात रखडून बंद पडणाऱ्या, थंड झाल्यावर चालू होणाऱ्या गाड्यांमध्ये हा सेन्सर बरेचदा सापडतो.

हात लावण्याआधी

रेलमधलं पेट्रोल तीनेक बारच्या प्रेशरखाली असतं. पाइप तसाच सोडला तर गरम इंजिनवर फवारा उडतो. म्हणून इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज किंवा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) काढा, इंजिन आपोआप बंद पडेल, मग आणखी दोन-तीनदा सेल्फ मारा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच पाइपला हात लावा, तोही भोवती कापड गुंडाळून. हे काम सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, पोडियमखाली किंवा बेसमेंटमध्ये कधीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि लिफ्टच्या खोलीतली किंवा पाण्याच्या पंपाची ठिणगी तिला पुरते. मोकळं पटांगण, जवळ पावडरचं अग्निशामक आणि सोबत एक माणूस. वासाकडे दुर्लक्ष नको. गाडीत किंवा गाडीखाली कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती गळती शोधा.

पेट्रोलच कमी पडतंय, हे कशावरून?

गाडी बंद पडलेली असतानाच तपासायला हवं. चालू झालेल्या गाडीवर सगळी मापं बरोबर येतात आणि मिस्त्रीही काही सापडलं नाही म्हणून हात वर करतो.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटकडून गुणगुण ऐकू येते का? आवाज आला म्हणजे पंप ठीक आहे असं नाही, तो फिरतोय एवढंच कळतं. आवाज अजिबात आला नाही तर फ्यूज, रिले, वायर, पंप यांपैकी काहीतरी गेलंय. त्यानंतर स्पार्क टेस्टर लावून ठिणगी बघा. पंपाचा आवाज दोन सेकंद येतो, पण सेल्फ मारताना ठिणगीही नाही आणि इंजेक्टरच्या कपलरला (वायर जोडायच्या सॉकेटला) लावलेला छोटा टेस्ट लॅम्पही लुकलुकत नाही, तर संशय क्रँक सेन्सरवर, त्याच्या वायरवर किंवा इमोबिलायझरवर (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेवर). मीटरमधला चावीचा दिवा फडफडत असेल तर प्रश्न चावीचा आहे, पेट्रोलचा नाही. ठिणगी आहे, इंजेक्टरला सिग्नल आहे, तरी इंजिन उठत नाही आणि इनटेकमध्ये कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारून सेल्फ दिला की क्षणभर पकडतं, तर पेट्रोल पोहोचत नाही हे नक्की. बॅकफायरची शक्यता असते, म्हणून फवारा थोडाच मारा आणि चेहरा लांब ठेवा.

स्कॅनरची फार आशा धरू नका. आपल्याकडे ओबीडी (गाडीतले दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीची झाली ती २०१० पासून, टप्प्याटप्प्याने. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी मोबाइलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र बोलतच नाही. बोललं तरी पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सर या गाड्यांत बहुधा नसतोच, त्यामुळे कमी प्रेशरचा कोड थेट येत नाही. मिश्रण पातळ असल्याचा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा मिसफायरचा कोड येतो आणि लोक ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग बदलत बसतात.

यापेक्षा पीयूसीच्या कागदाकडे नीट बघा. पेट्रोल गाडीच्या पीयूसीवर आयडलिंगचं सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेले हायड्रोकार्बन) छापलेलं असतं. सीओ फार वाढलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय: रेग्युलेटर फाटला असेल किंवा इंजेक्टर गळत असेल. सीओ नगण्य, पण एचसी चढलेलं असेल तर मिश्रण पातळ पडून मिसिंग होत असण्याची शक्यता आहे. आधीचे दोन-तीन कागद जवळ असतील तर शेजारी ठेवून फरक बघा.

केव्हा बंद पडते, हे लिहून काढा

डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवा. गाडी किती वेळ चालली होती, टाकीचा काटा कुठे होता, एसी चालू होता का, चढ होता का, पाऊस होता का. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं.

सपाटीवर, पाम बीच रोडला वगैरे, छान पळते, पण गायमुखचा घाट किंवा मुंब्रा बायपासचा चढ लागला की तिसऱ्या गिअरला दम टाकते, झटके मारते: पुरवठ्याचं प्रमाण कमी आहे. फिल्टर चोक, जाळी चोक किंवा पंप थकलेला. आयडलिंगला पेट्रोल अगदी थोडं लागतं, त्यामुळे थकलेला पंपही तिथे निभावून नेतो आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही दिसत नाही.

काटा पाव टाकीखाली गेल्यावर, वळणावर किंवा उतारावर अडखळते: पंपाच्या तोंडाशी पेट्रोल राहत नाही. टाकीतल्या आतल्या होजला (पंपापासून निघणाऱ्या रबरी नळीला) चीर गेली असेल तर मात्र काटा कुठेही असो, त्रास होतो. पंपाने दाबलेलं पेट्रोल तिथूनच टाकीत परत पडतं आणि पुढे प्रेशर भरत नाही.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी लांब सेल्फ लागतो, नंतर दिवसभर उत्तम चालते: रेलमधलं प्रेशर रात्रीत उतरतंय. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. लगेच स्टार्ट झाली तर निदान जवळपास पक्कं.

काही अंतर गेल्यावर बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की जोराने हवा आत ओढली जाते: टाकीचा श्वास कोंडलाय. झाकणातला व्हॉल्व्ह किंवा वाफेच्या चारकोल कॅनिस्टरची नळी तुंबलेली असते. हा फुकटात सुटणारा दोष आहे, म्हणून झाकण उघडताना कान द्या.

खड्ड्यात जोरात आदळली आणि त्याच क्षणी बंद: फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्क्याने पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. मॅन्युअलमध्ये त्याची जागा बघा. गळती नाही ना हे खात्रीने पाहा आणि त्याचं बटण दाबा.

वीज: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच

माझ्या पाहण्यात, पंप बदलूनही बंद पडणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा दोष पंपात नव्हताच, त्याच्या वायरमध्ये होता. पंप बदलताना कपलर हलतो, थिंबल (वायरच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या) घट्ट बसतात, त्यामुळे काही आठवडे गाडी सुधारते आणि श्रेय नव्या पंपाला मिळतं.

मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू ठेवून बॅटरीवर मोजा, साधारण १३.५ ते १४.२ व्होल्ट दिसतील. आता पंपाच्या कपलरवर, पंप जोडलेला असतानाच, मागून सुई घालून मोजा. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टचा फरक चालेल. एक व्होल्टच्या वर फरक असेल तर वाटेत काहीतरी वीज खातंय. दीड-दोन व्होल्ट कमी मिळाले की पंपाचा पुरवठा चांगलाच घसरतो. पंप काढून ठेवून नुसत्या वायरवर मोजलेले बारा व्होल्ट निरर्थक आहेत, कारण भार नसताना कुजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते.

फरक कुठे पडतोय हे शोधायला मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा आणि दुसरी क्रमाने फ्यूज, रिलेची आत येणारी पिन, बाहेर जाणारी पिन, पंपाचा कपलर अशी नेत जा. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तिथे दोष. मग तेच निगेटिव्ह बाजूला, पंपाच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी, सगळीकडे खाडीची खारट दमट हवा आणि त्यावर चार महिने पाऊस. मागच्या बाजूचे अर्थचे बोल्ट हिरवे-पांढरे पडलेले सापडतात. पॉलिश पेपरने घासून, नवा थिंबल लावून, वरून ग्रीस फासलं की काम होतं. उंदरांनाही विसरू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वायर किंवा रबरी पाइप कुरतडलेला निघणं नेहमीचंच आहे.

रिलेकडे विशेष लक्ष द्या. आतले सोल्डर सांधे वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन तडकतात. गरम असताना तडा उघडतो, थंड झाल्यावर जुळतो. नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले जगभर याच दोषासाठी ओळखला जातो. बंद पडलेल्या गाडीत त्याच नंबरचा हॉर्नचा किंवा फॅनचा रिले काढून पंपाच्या जागी लावून बघा, पिनांची रचना एकच आहे याची खात्री करून.

आणि बाहेरून बसवलेल्या गोष्टी! जुन्या गाडीत कधीतरी लावलेला अलार्म, सेंट्रल लॉकचा चोरीविरोधी कट-ऑफ, जीपीएस. यांचा कट-ऑफ रिले पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरमध्ये मध्येच तोडून जोडलेला असतो आणि त्यावर गुंडाळलेली टेप डॅशबोर्डखाली वितळून चिकट झालेली असते. ओळखीच्या एका काकांची गाडी ठाणे-बेलापूर रोडवर नेहमी घरी परतताना बंद पडायची, सकाळी कधीच नाही. पंप झाला, फिल्टर झाला, इंजेक्टर क्लीनिंग झालं. शेवटी स्टिअरिंगखाली पूर्वीच्या मालकाने लावलेल्या अलार्मचा रिले सापडला. दिवसभर उन्हात उभ्या गाडीत तो इतका तापायचा की संध्याकाळी संपर्क सोडायचा. तो काढून मूळ वायर सोल्डर करून जोडली आणि दुखणं थांबलं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

प्रेशर

फ्युएल प्रेशर गेजचं किट बाजारात मिळतं. ते आयुष्यात एकदा घ्यावं, किंवा ज्याच्याकडे आहे अशाच गॅरेजात जावं. गेज न लावता पंप गेल्याचं सांगणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे विचारा, प्रेशर किती आलं? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

रेलकडे येणाऱ्या पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज जोडा. बहुतेक गाड्यांत अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान प्रेशर हवं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा. जुन्या, रिटर्न पाइपवाल्या रचनेत आयडलिंगला व्हॅक्युम नळी जोडलेली असताना प्रेशर साधारण अर्धा बार कमी दिसतं आणि नळी काढली की तेवढंच वर चढतं. चढलं नाही तर रेग्युलेटर किंवा नळी बघा. काढलेल्या त्या नळीत पेट्रोल ओलं दिसलं किंवा वास आला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, लगेच बदला. ते पेट्रोल थेट इनटेकमध्ये जातं आणि सीओ तिथूनच वाढतं.

प्रेशर कमी असेल तर रिटर्नच्या रबरी पाइपवर कापड ठेवून तो क्षणभरच चिमटा. प्लास्टिकचा पाइप कधीही चिमटू नका, तो तडकतो. आकडा झपकन वर गेला तर पंपात दम आहे आणि रेग्युलेटर सैल पडलाय. आकडा तिथेच रेंगाळला तर दोष मागे: फिल्टर, जाळी, आतली होज, पंप किंवा त्याची वीज. वीज आपण आधीच मोजली आहे, म्हणून तर तो क्रम.

नुसतं प्रेशर पुरेसं नाही, पुरवठाही मोजावा लागतो. गेज काचेला टेकवून ठेवा, असं की गाडीतून दिसेल, आणि सोबत्याला बघायला बसवून गायमुखच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा जागेवर राहिला तर पुरवठा ठीक. हळूहळू घसरत गेला तर पंप पुरा पडत नाही. टी आणि क्लॅम्प घट्ट असल्याचं दहादा तपासल्याशिवाय मात्र गेज लावून रस्त्यावर जाऊ नका. उभ्या गाडीत करायचं तर रिटर्नचा पाइप मापाच्या बाटलीत सोडून पंप थेट चालवा. अर्ध्या मिनिटात अर्धा लिटरच्या आसपास किंवा अधिक आलं पाहिजे.

इथे पंपाने ओढलेला करंटही खूप सांगून जातो. फ्यूजच्या जागी मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावून थोडाच वेळ मोजा, बहुतेक पंप चार ते सात अँपिअरच्या दरम्यान घेतात. करंट नेहमीपेक्षा जास्त असेल तर पुढे अडथळा आहे, म्हणजे फिल्टर चोक, नाहीतर मोटर घासतेय. करंट कमी आणि पंप कर्कश ओरडतोय, तर त्याला पेट्रोलच मिळत नाही: जाळी.

इंजिन बंद करून गेज तसंच ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत प्रेशर थोडं उतरणं ठीक, शून्यावर येणं नाही. पुन्हा प्रेशर भरून रिटर्न चिमटा. प्रेशर उतरणं थांबलं तर दोषी रेग्युलेटर. येणारा पाइप चिमटल्यावर थांबलं तर पंपातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप. दोन्हीने थांबलं नाही तर एखादा इंजेक्टर टिपकतोय; प्लग काढून बघा, काळा ओला प्लग त्याच सिलिंडरचा निघेल.

टाकी, आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांचा हा मुख्य प्रश्न आहे असं मला वाटतं. सीएनजी लावला की पेट्रोल फक्त स्टार्ट करण्यापुरतं, म्हणून टाकीत तीन-चार लिटर ठेवायचं आणि महिनोन्‌महिने तेच. पैसे वाचतात खरे, पण टाकीत काय होतं बघा.

कित्येक किटमध्ये गाडी गॅसवर गेल्यावर इंजेक्टर बंद होतात, पण पंप चालूच राहतो. पंपाची मोटर थंड ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे तिच्यातून आणि भोवतीने वाहणारं पेट्रोल. रिटर्न पाइप असलेल्या गाडीत तेच थोडंसं पेट्रोल गरम रेलपर्यंत जाऊन परत येत राहतं, तासन्‌तास, आणि टाकीतला तो साठा कोमट होतो. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेलं शिळं होऊन चिकट थर धरतं. चढावर, वळणावर पंप हवा ओढतो आणि त्या क्षणी मोटर कोरडी फिरते. अशा गाडीत नवा पंप वर्षभरही टिकत नाही आणि दोष दिला जातो पंपाच्या दर्जाला. पाव टाकीच्या वर पेट्रोल ठेवा, आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही मोकळे राहतील. गॅसवर गेल्यावर पंप बंद करणारा रिले किटवाल्याकडून चांगल्या वायरिंगने लावून घेता आला तर उत्तमच, मात्र गॅसवरून पेट्रोलवर येताना प्रेशर भरायला क्षणभर लागेल.

रिकाम्या टाकीत हवा जास्त, आणि आपली हवा ओली. पत्र्याच्या टाकीत वरच्या कोरड्या भागाला आतून गंज धरतो, तपकिरी भुकटी खाली बसते आणि जाळीवर जमते. गाडी दहा-पंधरा मिनिटं छान चालते, मग जाळीवर कचरा चिकटून पुरवठा तुटतो. थांबलं की ओढ संपते, कचरा खाली पडतो आणि गाडी पुन्हा चालू. गरम होऊन बंद पडण्यासारखंच दिसतं हे, म्हणूनच फसवतं. पंप बदलताना टाकीच्या तळाशी टॉर्च मारून बघा, ठिणगी न करणारा बंदिस्त एलईडीच हवा. तळाला भुकटी दिसली तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवा पंप आत सोडू नका. फार गंजली असेल तर टाकीच बदला, आतून लेप लावण्याचे प्रयोग मला पटत नाहीत. लेपाचे पापुद्रे सुटून पुन्हा जाळीवरच येतात.

पाणी तपासणं सोपं आहे. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी, किंवा पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसलेलं. २०२५ पासून बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा शोषतो, ओलावा थोडा असेपर्यंत तो पेट्रोलात मिसळून जळून जातो, पण प्रमाण ओलांडलं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून फुटून तळाला बसतो, आणि पंपाचं तोंड नेमकं तिथेच असतं. शिवाय जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ इथेनॉल सोडवतो, त्यामुळे फिल्टर अचानक भरतो. इथेनॉल मिश्रणात तेवढ्याच कामासाठी पेट्रोल थोडं जास्त मोजावं लागतं, म्हणून काठावर आलेला पंप आता उघडा पडतो. वीस टक्क्यांसाठी योग्य साहित्य नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आलं. आपल्या गाड्यांचे रबरी भाग त्याआधीचे, म्हणून दर सर्व्हिसिंगला प्रत्येक रबरी पाइप बोटाने दाबून बघा. फुगलेला, मऊ पडलेला किंवा भेगाळलेला पाइप त्याच दिवशी बदला. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलायला लागा.

पेट्रोलचा संशय आला तर पेट्रोल पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचं माप मागायचा ग्राहकाला हक्क आहे. मागा, संकोच नको.

पंप बदलावाच लागला तर

मूळ कंपनीचा किंवा नामांकित उत्पादकाचाच घ्या आणि पार्ट नंबर जुळवून. जास्त ताकदीचा पंप बसवणं चुकीचं आहे, रिटर्न पाइप आणि रेग्युलेटर तेवढं पेट्रोल वाहून नेऊ शकत नाहीत आणि प्रेशर वाढून गाडी पेट्रोल पिते. जाळी नवीच, टाकीवर पंप बसतो त्या झाकणाची सील रिंग नवीच. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकी खाली घ्यावी लागते. सीटखालचा पत्रा कापून वाट करणारे असतात, त्यांना करू देऊ नका. पेट्रोलच्या टाकीवर ग्राइंडर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

आतल्या होजबद्दल एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. इंजेक्शनसाठी मिळणारी चांगली होज, एसएई जे३० आर९ लिहिलेली, बाहेर वापरायला उत्तम आहे, पण ती आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही. टाकीत बुडालेल्या जागी ती फुगते, सुटते. तिथे बुडवून वापरायची आर१० होजच लागते. कार्बोरेटरच्या गाडीची साधी होज तर इंजेक्शनच्या प्रेशरला कुठेच चालत नाही. क्लॅम्पही इंजेक्शन होजचे, गोल कडांचे घ्या, पातळ पट्टीचे रबर कापतात.

काम झाल्यावर चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून प्रेशर भरा आणि प्रत्येक सांधा टॉर्चने बघा, मग स्टार्ट करा. लगेच गाडी ताब्यात घेऊन पैसे चुकते करू नका. अर्धा तास चालवून पूर्ण गरम करा, बंद करून बोनेट मिटलेलंच ठेवून वीस मिनिटं उन्हात उभी करा आणि मग स्टार्ट करून बघा. एसी लावून चढ चढवा. परत आल्यावर गेज आणि मल्टिमीटर पुन्हा लावा आणि दोन्ही आकडे, तारखेसह, त्याच वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी अडली तर तुलना करायला चांगल्या गाडीची मापं हाताशी असतील.